नवमीच्या बायका

भाद्रपद उतरणीला लागला की माझ्या पोटात गोळा येतो. हा वाक्प्रचार मी हल्ली जपून वापरते, डॉक्टरांसमोर तर मुळीच नाही. पण त्या दिवसांत जे होतं त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही. गणपती बोळवून झालेले असतात. पाऊस संपला म्हणता म्हणता एखादी सर टाकून जातो आणि पाठोपाठ चटका देणारं ऊन पडतं. इंदूरला हे दिवस भुट्ट्यांचे. कोपऱ्याकोपऱ्यावर शेगड्या पेटतात, घरोघर कोवळी कणसं किसणीवर किसली जातात आणि दुधात शिजणाऱ्या किसाचा गोडसर वास जिन्यांतून वर चढतो. एके काळी या वासानं मी वेडी व्हायचे. आता तो आला की मी आधी कॅलेंडर बघते. पितृपक्ष कधी लागतोय, नवमी कोणत्या वारी आहे.

नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी करतात, मग ती बाई वर्षातल्या कुठल्याही तिथीला गेलेली असो. तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिला हळदकुंकू लावायचं, बांगड्या द्यायच्या, ओटी भरायची. माझं आजोळ परदेशीपुऱ्यात. आजोबा कापडगिरणीत कारकून होते आणि गिरणीच्या भोंग्यावर त्या घराचं सगळं चालायचं. गिरणी बंद पडली, आजोबा गेले, आता तिथं माझे मामा आणि मामी राहतात. आजोबा गेल्यावर खरं तर आजीची नवमी बंद करायची, अशी रीत आहे म्हणतात. मामांनी ती चालू ठेवली. त्यांना त्या दिवसाचा अभिमान होता.

"आपल्या लेकी भाग्याच्या," पानं वाढली जात असताना मामा दर वर्षी म्हणत. "एक नाही विधवा झाली. सगळ्या भरल्या कपाळानं गेल्या. किसी-किसी को ही मिलता है ये, बेटा."

खरंच होतं ते. माझी आजी तशी गेली. आजीची धाकटी बहीण, देवासला दिलेली, तशीच गेली. माझी थोरली मावशी तशी गेली. मी कॉलेजात होते तेव्हा माझी आई तशी गेली. आई गेली त्या दिवशी शेजारच्या बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, आणि एकीनं माझ्या गालावरून हात फिरवत सांगितलं की तुझी आई पुण्यवान. मला तेव्हा तिच्या फुगलेल्या पोटाशिवाय काही दिसत नव्हतं.

लहानपणी मात्र नवमी मला आवडायची. श्राद्धाचा दिवस असला तरी त्याला सणाचा रंग होता. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, आणि इंदूरच्या घराला शोभेल असा मधेच घुसलेला भुट्ट्याचा कीस, जो म्हणे आजीला आवडत असे. फोटोतल्या आजीच्या कपाळावर मामी ओलं कुंकू लावी. आजी कशानं गेली, असं मी विचारलं की ती कशी गेली याचं उत्तर मिळे: कपाळावर कुंकू घेऊन, नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून. कशानं, ते राहूनच जाई. मोठ्यांनी काही लपवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या लेखी महत्त्वाचं होतं ते त्यांनी सांगितलं होतं.

शिवाय एका लेकीची नवमी दुसऱ्या लेकीच्या घरी होत नाही. आजीची परदेशीपुऱ्यात, तिच्या बहिणीची देवासला, मावशीची तिच्या सासरी, आईची आमच्याकडे. आडनावं वेगळी, गोत्रं वेगळी. त्यातून आमच्याकडे लग्नात नवऱ्यामुलीचं नावही बदलायचं, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं. म्हणजे माहेरची पोर सासरी जाऊन मरते तेव्हा ती कागदोपत्री दुसरीच कोणी असते. एकाच दिवशी चार स्वयंपाकघरांत चार सवाष्णींसाठी वडे तळले जात होते, आणि या चौघींना एका पंगतीत बसवून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं.

ते त्या भाद्रपदात घडलं. माझी मुलगी सई तेव्हा शाळेत होती. थोरल्या मावशीची मुलगी वैशाली देपालपूरच्या सरकारी शाळेत शिकवते, रोज इंदूरहून बसनं जाऊन-येऊन करते. आम्ही दोघी मावसबहिणी असलो तरी सख्ख्यांसारख्या वाढलो, भांडणं धरून. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला डाव्या काखेजवळ गाठ लागली. बसमध्ये दांडा धरून उभं राहण्यानं काहीतरी सुजलंय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत टिकली नाही. केमो सुरू झाली, केस गेले, आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "घर में और किसी को?" वैशालीनं आपल्या आईचं नाव सांगितलं. मग जरा थांबून माझ्या आईचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तिला वरच्या मजल्यावर जायला सांगितलं. तिथं एक अभ्यास चालू होता.

वैशालीनं मला सोबत नेलं. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिला वाटतं, छापलेलं काहीही मला कळतं. वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत रुचिका नावाची जेनेटिक काउन्सेलर बसली होती, आमच्याहून बरीच लहान, गोड आवाजाची. तिनं समजावून सांगितलं की काही घराण्यांत एक बिघडलेला जीन पिढ्यानपिढ्या उतरत जातो. आईकडून येतो तसा वडलांकडूनही येतो. ज्यांच्यात तो असतो त्यांना छातीचा आणि अंडाशयाचा कॅन्सर व्हायचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो. अशा घराण्यांवर हा अभ्यास होता. रक्त द्यायचं, घराण्याची माहिती द्यायची, आणि जीन निघाला तर वर्षानुवर्षं तपासण्यांना यायचं. कोणाला रोग होतो, कोणाला होत नाही, लवकर कळलं तर काय वाचवता येतं, हे त्यांना बघायचं होतं.

"अपने यहाँ की फ़ैमिलीज़ का डेटा बहुत कम है, मॅम," रुचिका म्हणाली. "जो है, ज़्यादातर बाहर का है."

संमतीच्या कागदावर एक वाक्य होतं: या अभ्यासातून तुम्हाला स्वतःला कदाचित थेट फायदा होणार नाही, पुढे येणाऱ्यांना होऊ शकेल. मला ते वाचून राग आला. पुढच्यांचं मला काय पडलंय, असं मनात आलं. माझ्या बहिणीच्या डोक्यावर केस नव्हते, आणि हे पुढच्यांच्या गोष्टी करत होते. मग माझ्या लक्षात आलं की पुढे येणारी सध्या शाळेच्या गणवेशात घरी बसून भूगोलाचे नकाशे रंगवत असेल. 

मग रुचिकानं कोरा कागद घेऊन वंशवेल काढायला सुरुवात केली. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ, आणि कॅन्सर झालेल्यांचा गोल काळा करायचा. आमची घोटाळ्यांची मालिका सुरू झाली. वैशालीनं देवासच्या उषाआजीबद्दल सांगितलं, तिची आई तिच्याबद्दल बोलायची म्हणून. मी कमळमावशीआजीबद्दल सांगितलं, माझी आई तिच्याबद्दल बोलायची म्हणून. दोघी लवकर गेलेल्या, दोघींना छातीचंच काहीतरी. रुचिकानं दोन गोल काढले, दोन रेघा मारल्या.

"दोनो देवास में?" तिनं विचारलं.

"हाँ," आम्ही एकदम म्हणालो, आणि एकमेकींकडे बघितलं.

"नाम कन्फर्म करके आइए," ती म्हणाली. "घर में कोई बड़े होंगे ना?"

घरात मोठे म्हणजे मामा. मामा-मामींना मूलबाळ नाही. वैशाली आणि मी, आम्हीच त्यांच्या लेकी. वैशालीच्या आजारानं मामा खंगले होते. तिच्यासाठी रोज नारळपाणी घेऊन यायचे, पण आजाराचं नाव तोंडातून काढायचे नाहीत. आम्ही विषय काढला तेव्हा ते झोपाळ्यावरून उठून उभे राहिले.

"मतलब, माझ्या आईला, बहिणींना तुम्ही त्या कागदावर रोगी म्हणून लिहिणार?"

"रोगी नाही मामा, माहिती म्हणून," मी म्हटलं.

"अपने यहाँ ऐसा कुछ नहीं है. वैशालीचं वेगळं आहे, ते आजकालच्या खाण्यापिण्यानं होतं. आपल्या लेकी भाग्यवान होत्या. हे असलं डॉक्टरांच्या नादी लागून कशाला उकरता बेटा?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. ते आमच्यावर चिडले होते असं मला त्या वेळी वाटलं. आता वाटतं, ते आमच्याइतकेच घाबरले होते. भीती वाटली की मी बडबड करते, वैशाली विनोद करते, आणि मामा रीतीभातीला घट्ट धरतात.

त्याच आठवड्यात नवमी आली. दर वर्षी गल्लीतल्या कोणा कुलकर्णीकाकू सवाष्ण म्हणून यायच्या. त्या वर्षी त्या गावाला गेल्या होत्या. मामी म्हणाली, वैशाली बसेल, घरचीच आहे, नवऱ्याची आहे. वैशाली तयार झाली. डोक्याला तिनं सुती रुमाल बांधला होता. आजीच्या फोटोसमोर पाट मांडला होता आणि त्यावर ती बसली.

"मामी, गजरा कुठं माळशील?" ती म्हणाली. "सेफ्टीपिन आण, रुमालाला लावू."

मामी हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून आत गेली. परत आली ती कुंकवाचा करंडा घेऊन. वैशालीच्या भुवयाही गेल्या होत्या, त्यामुळे कपाळ मोठं दिसत होतं, आणि मामीनं त्यावर ठसठशीत कुंकू लावलं. मी वाढत होते. मान वर केली तर समोर फोटोतली आजी आणि खाली पाटावर वैशाली, दोघींच्या कपाळावर एकाच करंड्यातलं कुंकू. सवाष्ण जेवते ती गेलेल्या बाईच्या जागी जेवते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी त्याचा अर्थ पोटात उतरला. माझ्या हातातली वाटी खिरीसकट कलंडली. वैशालीनं पानातून मान वर करून बघितलं आणि हळूच, अस्सल इंदुरी थाटात म्हणाली, "भिया, घाबरू नको ना यार. मी नुसती जेवायला आली आहे."

आजोबांची तिथी पुढे एकादशीला होती. त्या दिवशी मामा महालय करतात, म्हणजे एकट्या आजोबांचं नाही, सगळ्याच गेलेल्यांचं तर्पण. मामांना परत विचारायची आमची हिंमत नव्हती. आम्ही दोघी नुसत्या जाऊन मागे भिंतीला टेकून बसलो. गुरुजी एकेक नातं उच्चारत होते, मामा नाव सांगून पळीतलं तीळपाणी अंगठ्यावरून ताम्हनात सोडत होते. वडील, आजोबा, पणजोबा झाले. मग माता. मामांनी आजीचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं. काका, मामा असं करत करत मातृभगिनी आली. उषा, मामा म्हणाले. मग भगिनी. सुमन, ही वैशालीची आई. परत भगिनी. मामा जरा थांबले आणि त्यांनी माझ्या आईचं नाव घेतलं.

चौघींना मी पहिल्यांदाच एका तोंडून, एका दमात ऐकत होते. आई, मावशी, बहीण, बहीण. दर वर्षी हे इथं म्हटलं जात होतं, आम्ही आत वडे तळत होतो. ज्याला मामा भाग्य म्हणत होते तेच रुचिकाच्या कागदावर काळ्या गोलांनी उतरणार होतं. दोन्हींत काहीच फरक नव्हता. उठून बाहेर जावं असं वाटलं, पण तर्पण चालू असताना उठायचं नसतं, म्हणून बसून राहिले. वैशालीनं माझं मनगट धरलं होतं. तिच्या नखांचे ठसे संध्याकाळपर्यंत होते.

सगळं आटोपल्यावर तिनंच धीर केला. "मामा, कमळमावशीआजी राहिली तुमची."

"राहिली कशी? घेतलं की नाव. उषा म्हणजेच कमळ ती. माहेरची कमळ, सासरी उषा झाली."

म्हणजे दोन नव्हत्या, एकच होती. आम्ही रस्त्यावर आलो आणि वैशाली हसत सुटली, मग मीही. मेलेल्या बायकांतली एक कमी झाली याचा आम्हाला असा काही आनंद झाला की आम्ही कोपऱ्यावर उभ्या राहून एकेक भुट्टा खाल्ला, तिला तोंड आलेलं असूनही. दुसऱ्या दिवशी रुचिकानं एक गोल खोडला. खोडूनही कागद बराच काळा होता.

वैशालीच्या रक्तात तो जीन निघाला. मग माझं रक्त घेतलं, आणि माझ्यातही निघाला. त्या दिवसाबद्दल मला फारसं आठवत नाही. घरी येऊन मी कुकर लावला, हे नवरा सांगतो. डाळ घालायची विसरले, नुसतं पाणी शिजवलं, हेही तोच सांगतो.

तेव्हापासून मी त्या अभ्यासात आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन्ही अंडाशयं काढून टाकली. दर वर्षी एमआरआय होतं. त्या नळीत पालथं पडून राहायचं, ठोके ऐकायचे, हलायचं नाही. मशीनवरचा भला माणूस विचारतो, "भजन लगा दूँ, आंटी?" मी नको म्हणते, एखादं आवडतं भजन कायमचं त्या नळीला चिकटून बसायचं. मग रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस असतात. त्या दिवसांत फोन वाजला की मी आधी हात पुसते, मग पाणी पिते, मग उचलते, आणि तोवर तो बंद झालेला असतो. बहुतेक वेळा गॅसवाला असतो.

अभ्यासाची एक प्रश्नावलीही येते. गेल्या काही आठवड्यांत तुम्हाला कॅन्सरचा विचार किती वेळा आला: कभी नहीं, कभी-कभी, अक्सर, हमेशा. पहिल्यांदा मी प्रामाणिकपणे 'हमेशा'वर खूण केली तर त्यांनी मला मानसोपचाराच्या मॅडमकडे पाठवलं. चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, भीती नेमकी कधी वाटते? मी म्हटलं, आंघोळ करताना, साबण लावताना हात छातीवरून जातो तेव्हा. पोळ्या लाटताना काख दुखली की. मुलीची वेणी घालताना. त्यांनी लिहून घेता घेता मान वर केली. "मुलीची वेणी घालताना का?"

उत्तर सोपं होतं. मी तिला माझं नाक दिलंय, माझे राठ केस दिलेत. तिसरं काही दिलंय का, याची निम्मी-निम्मी शक्यता होती, आणि ते ती अठरा वर्षांची होईपर्यंत कोणी तपासणार नव्हतं. त्यानंतरही तिला स्वतःला हवं असेल तरच. आईला काय हवं आहे याला तिथं किंमत नाही. नियम चांगला आहे, मी तो दुसऱ्यांना समजावूनही सांगते. पण वेणी घालताना तिच्या पाठीकडे बघत मी किती वेळा कंगवा हातात धरून नुसती उभी राहिले असेन. ती ओरडायची, "आई, शाळेला लेट होतंय!"

माझी स्वतःची भीती मला आता ओळखीची झाली आहे. तिच्याशी मी भांडते, तिला घरात घेते, कधी बाहेर बसवते. सईबद्दलची भीती तशी नाही. तिला अजून मी हाताळू शकलेले नाही.

सई अठराची झाली तेव्हा मी तिला सांगितलं. तिला बरंचसं आधीच ठाऊक होतं. आजकालच्या मुलांपासून काय लपतं. "अभी नको," ती म्हणाली, आणि विषय संपला. ती कॉलेजात गेली, पास झाली, इथंच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. वर्षांमागून वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, तिला तिचं ठरवू दे. त्याचंही बरोबर होतं, आणि मला त्याच्या बरोबर असण्याचा संताप यायचा.

या वर्षी गणपतीच्या आधी एका सकाळी पोहे खाता खाता ती म्हणाली, "आई, मी ब्लड देऊन आली. गेल्या महिन्यात. आज रिपोर्ट घ्यायला जायचंय. तू चलशील?"

रुचिका अजून तिथंच आहे, आता तिच्या केसांत पांढरं दिसतं. तिनं सईला आत घेतलं आणि मला दारातच थांबवलं. "आंटी, रिपोर्ट इसका है. पहले इससे बात करूँगी. फिर ये चाहे तो आपको बुलाएगी." एव्हाना मी मॅमची आंटी झाले होते.

मी बाहेर बाकावर बसले. समोर एक कुटुंब डबा उघडून जेवत होतं, पराठ्यांचा वास येत होता. मी देवाला काय म्हटलं ते सांगते: मी म्हटलं, मला रोग दे, आत्ता दे, उद्या दे, पण आतल्या कागदावर नाही असं लिहिलेलं असू दे. असा सौदा होत नसतो, हे मला त्या मजल्यावरच इतक्या वर्षांत शिकवलं होतं. कागद छापून झालेला होता. तरी मी म्हणत राहिले. दार उघडलं आणि सईनं मान बाहेर काढून नुसतं "ये" म्हटलं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

सईमध्ये तो जीन आहे.

रुचिका बोलत होती. लगेच काही करायचं नाही, पंचविशी लागली की एमआरआय सुरू करू, रोग होईलच असं नाही, आज आपल्या हातात पुष्कळ काही आहे, जे तुमच्या आईच्या वेळी नव्हतं. तुमच्यासारख्या घरांनी इतकी वर्षं माहिती दिली म्हणून आज इतकं तरी सांगता येतं, असंही ती म्हणाली. सगळं खरं होतं. मी मान डोलावत होते आणि एक अक्षर कानात शिरत नव्हतं.

बाहेर पडल्यावर सई म्हणाली, घरी नको, लालबागेत चल. तिथं राजवाड्याच्या आवारात झाडाखाली आम्ही बसलो. कुठल्याशा मेळाव्याचे मांडव उतरवणं चाललं होतं, बांबू धाडधाड खाली पडत होते, आणि प्रत्येक आवाजाला मी दचकत होते.

"तू रडू नको ना," सई म्हणाली. "मला जाणायचं होतं, बस. मी रोज रात्री मोबाइलवर वाचत बसायची. त्यापेक्षा हे ठीक आहे."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. खूप वाटते." तिनं गवताची काडी तोडली. "मी स्टडी जॉइन केली आई. साइन करून आली आत्ताच. तुझ्या खालचा तो गोल असतो ना, त्यात आता माझं नाव."

तिनं ते सहज सांगितलं, ऑफिसात नवी जागा मिळाल्याचं सांगावं तसं. मी तिचा हात धरला. तो गार होता. मग तिला भूक लागली म्हणून उठलो.

परवा नवमी झाली. मामा आता फार थकलेत. गुडघे गेलेत, बसून उठवत नाही. तरी नवमी केलीच. देपालपूरच्या शाळेतून रजा घेऊन वैशाली आली होती, केस पुन्हा दाट झालेले, तपासण्या आजवर चांगल्या आलेल्या. सवाष्ण म्हणून तीच बसली, गेली काही वर्षं तीच बसते. सईबद्दल मी मामीला फोनवर सांगितलं होतं, तिनं मामांना सांगितलं असणार. कारण या वेळी पानं वाढताना मामा लेकींच्या भाग्याबद्दल काही बोलले नाहीत. खाली मान घालून, भात चिवडत, जेवले.

जेवणं झाल्यावर सईला ऑफिस होतं. ती पाठीला बॅग लावून निघाली आणि जाता जाता मामांच्या पायाशी वाकली. मामा आरामखुर्चीत होते. त्यांचा हात सवयीनं वर आला, तिच्या डोक्यावर टेकला, आणि सवयीनंच त्यांच्या तोंडून निघालं, "अखंड सौभाग्यवती..."

"मामा, नको," मी म्हटलं.

इतक्या मोठ्यानं की आतून मामी बाहेर आली. मामांना मी आयुष्यात कधी अडवलेलं नाही. माझ्या लग्नात, वैशालीच्या लग्नात, आमच्या आयांच्या लग्नांत याच घरात हेच शब्द म्हटले गेले होते, आणि आमच्या आयांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे झाले होते.

"ते नका म्हणू तिला," मी म्हटलं.

सई तशीच वाकलेली होती. मामांचा हात तिच्या डोक्यावर तसाच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते रागावतील.

"मग काय म्हणू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, माहीत नसल्यासारखं.

"म्हातारी हो म्हणा."

वैशाली दाराला टेकून उभी होती, कपाळावर ओलं कुंकू. मामांनी दुसराही हात उचलला आणि सईच्या डोक्यावर ठेवला.

"म्हातारी हो बेटा," ते म्हणाले. "खूप म्हातारी हो. आपल्यात आजवर कोणी झालंच नाही."